तावेर्न: गोव्याच्या खेड्यातले बंद पडलेले दारूदुकान

तावेर्न म्हणजे गोव्याच्या खेड्यातले जुने दारूचे दुकान. पोर्तुगीज 'ताव्हेर्ना' हा शब्द कोकणीत आला आणि गोव्यातल्या मराठीतही तसाच रुळला. चिऱ्याच्या भिंतींची एक खोली, दारापुढे बसायला सोपो, आत लाकडी काउंटर, त्याच्या मागे बाटल्यांचे कपाट, दोन-तीन बाके आणि कोपऱ्यात वेताच्या विणीत बसवलेला काचेचा मोठा गर्राफांव, एवढ्या सामानावर तावेर्न चाले. पुष्कळ ठिकाणी ते मालकाच्या राहत्या घराचाच पुढचा भाग असे. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे एक पडदा.

आज यातली बरीच बंद आहेत. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही जुन्या रस्त्याने सावकाश गेले की अशी एखादी कुलूपबंद खोली दिसते. दारावर अर्धवट पुसलेला परवान्याचा फलक असतो, कौलांतून पिंपळाचे रोप वर आलेले असते. ही वास्तू पाहायची कशी, तिच्यात काय शोधायचे आणि शोधताना काय सांभाळायचे, यासाठी ही नोंद आहे.

गोव्यातल्या आपल्या मराठी लेखनात देवळे, शाळा, वाचनालये, भजनी मंडळे आणि उत्सवी नाटके यांच्याबद्दल भरपूर लिहिलेले आहे. तावेर्नाबद्दल फार थोडे. कारण उघड आहे. चांगल्या घरातल्या माणसाने तिथे जायचे नसे आणि गेलाच तर सांगायचे नसे. पण गावातली मजुरी, उधारी, काजूचे पीक, बातम्या आणि भांडणे या सगळ्यांची वाट तिथून जात होती. गावच्या राखणदाराला सोरो-रोट द्यायचा असला की बाटली तिथूनच येई. ती आणायला घरातलाच एखादा मुलगा जाई, आणि त्या दिवशी त्याची कोणाला लाज वाटत नसे.

तावेर्न कुठे सापडते

तावेर्नाची जागा सहसा योगायोगाने ठरलेली नसते. पहिली जागा तिंतो, म्हणजे गावचा बाजारचौक. इथे पोसरो आणि तावेर्न शेजारी-शेजारी, कित्येकदा एकाच मालकाचे आणि एकाच छपराखाली. एका दाराने तांदूळ, मीठ, रॉकेल. दुसऱ्या दाराने फेणी. दुसरी जागा चर्चच्या किंवा कपेलच्या आसपासचा रस्ता. तिसरी फेरीबोटीचा धक्का. फेरी येईपर्यंत अर्धा तास काढायचा असला की माणूस कुठेतरी बसणारच. चौथी जागा काजूच्या डोंगरांच्या पायथ्याशी, सत्तरी, सांगे, पेडणे, काणकोण या भागांत. इथे भट्टी आणि दुकान यांत फारसे अंतर नसे.

किनारपट्टीवरच्या तावेर्नात रापणकार, खारवी, पाडेली आणि सुटीवर आलेले तारवटी येत. डोंगराकडच्या तावेर्नात काजू गोळा करणारे, लाकूडतोडे आणि पुढच्या काळात खाणीचे ट्रकचालक. त्यामुळे दोन्हींचे रूपही वेगळे. किनाऱ्यावरच्या जुन्या तावेर्नात कधी संगमरवरी फळीचे टेबल आणि पोर्तुगीज काळातल्या वाइनच्या रिकाम्या बाटल्या मिळतात. डोंगराकडे बाके, मडकी आणि शेणाने सारवलेली जमीन.

काय विकले जाई

मुख्य माल दोन प्रकारचा, माडाची फेणी आणि काजूची फेणी. माडाची जुनी आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले, त्यामुळे काजूची फेणी त्यानंतरची. माडावरून सूर काढणारा तो रेंदेर. हिंदूंत हा व्यवसाय मुख्यतः भंडारी समाजाकडे होता. रेंदेराची काती आणि सूर गोळा करायचा दुधी भोपळ्याच्या कवचाचा दुदिणें कधी कधी बंद तावेर्नाच्या मागच्या पडवीत खुंटीला लटकलेला दिसतो. दिसला तर त्याचे छायाचित्र आधी घ्यावे, कारण नव्या पिढीला त्याचे नावही सांगता येत नाही.

काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी-मार्च ते मे. बिया काढून घेतलेली बोंडे कोळमीत, म्हणजे खडकात कोरलेल्या किंवा चिऱ्याने बांधलेल्या उथळ कुंडात, पायांनी तुडवतात. चोथ्यावर दगड ठेवून सावकाश निथळलेला स्वच्छ रस तो नीरो, आणि तो आंबवण्याआधीच पितात. आंबवलेला रस भाणात उकळून त्याची वाफ लावणीत थंड केली की पहिल्या धारेला हुर्राक मिळतो. हुर्राक हलका असतो आणि टिकत नाही, म्हणून त्याचे गिऱ्हाईक उन्हाळ्यापुरतेच. हुर्राकात ताजा आंबवलेला रस मिसळून पुन्हा गाळले की फेणी. पूर्वी मधली एक पायरी असे, तिला काजुलो म्हणत. आता काजुलो सहसा कोणी वेगळा काढत नाही.

जोर ग्रावात मोजत. काचेचा तरंगता मापक हे तावेर्नकाराचे महत्त्वाचे हत्यार होते. तो नसला तर बाटली हलवून वर येणारे मण्यांसारखे बुडबुडे किती वेळ टिकतात यावरून अंदाज घेत. बाटलीबंद फेणीत आज मद्यार्काचे प्रमाण साधारण ४२ ते ४३ टक्के असते. अनंतमुळाची मुळी घालून ठेवलेली फेणी म्हणजे दुदशिरी. ती औषध म्हणून घरोघरी असे, आणि जे घर तावेर्नाचे नाव काढत नसे त्या घरातही असे.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. माल सन्मानाला पोचला, पण तो शंभर-दीडशे वर्षे जिथे कोप भरून विकला गेला त्या खोल्या त्या सन्मानात आल्या नाहीत.

कायदा आणि कर

तावेर्नाचा इतिहास हा मुख्यतः कराचा इतिहास आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला. तो १८८० मध्ये अमलात आला आणि १८९२ पर्यंत चालला. या कराराने मुंबई इलाख्यातली अबकारी पद्धत गोव्यात आली. सूर काढायच्या माडांवर कर आणि विक्रीवर परवाना यांचा बोजा रेंदेरांवर पडला. त्याच करारातून मिठागरेही ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेली. करार संपला तरी माड मोजण्याची आणि परवाना मागण्याची सवय राज्यकर्त्यांना लागून राहिली.

पुढचा मोठा धक्का शेजारून आला. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि गोव्याच्या सीमेपलीकडे दारू बेकायदा झाली. सीमेच्या एका बाजूला तहानलेले गिऱ्हाईक आणि दुसऱ्या बाजूला उघडे दुकान, याचा परिणाम वेगळा सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर हा फरक मिटेल असे काहींना वाटले होते. पण गोव्यात दारूबंदी आली नाही. १९६४ चा गोवा अबकारी कायदा आला आणि परवाना-पद्धत पक्की झाली. गावठी दारू आणि 'भारतीय बनावटीची विदेशी दारू' असे दोन शब्दप्रयोग तेव्हापासून दुकानांच्या फलकांवर दिसतात.

फलक नीट वाचावा. त्यावर परवानाधारकाचे नाव असते, आणि ते नाव घराच्या मालकाचे असेलच असे नाही. परवाना एकाचा, घर दुसऱ्याचे आणि काउंटरमागे तिसराच, ही मांडणी गोव्यात सर्रास आहे. बंद तावेर्नाची चौकशी करताना इथेच पहिली चूक होते. फलकावरच्या नावाच्या कुटुंबाला शोधत आपण दोन गावे फिरतो आणि घराची मालकीण पलीकडच्या अंगणात भात वाळवत बसलेली असते.

बाहेरून पाहताना

आधी छप्पर. मंगळुरी कौले असतील तर खाली पडलेले एखादे कौल उलटून त्यावरचा शिक्का वाचावा. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हा आकडा असतो, आणि तो पाहून घर १८६५ चे असल्याचे सांगणारे लोक भेटतात. तो कारखाना सुरू झाल्याचा आकडा आहे. कौल त्यानंतर कितीही वर्षांनी भाजलेले असू शकते. शिवाय कौले बदलली जातात, भिंती राहतात. म्हणून शिक्क्यावरून फार तर एवढेच म्हणावे, की हे छप्पर त्या आकड्याच्या आधीचे नाही.

नंतर दारे. रस्त्याच्या बाजूला दोन दारे असतील तर एक दुकानाचे आणि एक घराचे. दुकानाच्या दाराला कधी छातीइतक्या उंचीची झुलती अर्धी दारे असत, त्यांच्या बिजागऱ्या चौकटीत शिल्लक राहतात. बाहेरून आतल्याचे तोंड दिसू नये पण पाय दिसावेत, अशी ती उंची. मुले बापाची चप्पल ओळखून घरी जाऊन सांगत. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असतील तर वास्तू जुनी, पण तीही दुसऱ्या घरातून आणून बसवलेली असू शकतात.

मग सोपो. दाराच्या दोन्ही बाजूंना बांधलेला हा बाक दुकान बंद झाल्यावरही वापरात राहतो. दुपारी तिथे माणसे बसलेली असली तर त्यांच्याशीच आधी बोलावे. आत जे मिळणार नाही ते पुष्कळदा तिथे मिळते: दुकान कोणत्या वर्षी बंद झाले, शेवटचा कोप कोणी भरला, आणि मालकाचे शेजाऱ्याशी का बिनसले.

आत गेल्यावर

आत अंधार असतो आणि वास असतो. फेणीचा वास लाकडात मुरतो आणि वर्षानुवर्षे जात नाही. डोळे सरावले की काउंटर पाहावे. त्याच्या वरच्या फळीवर कोपांच्या तळाचे गोल डाग एकमेकांत गुंतलेले असतात. ज्या जागी डाग दाट तिथे रोजचा माणूस उभा राही. फळीत एखादी चीर असेल तर ती नाणी टाकायची, खाली खण असतो. खण उघडायला मालकाची वेगळी परवानगी घ्यावी.

कपाटात काय राहते ते नशिबावर असते. जाड काचेचे छोटे कोप, जुन्या बिअरच्या बाटल्या, रिकामी डबकी, खारातल्या कैरीची बरणी, दिनदर्शिका. भिंतीवरची शेवटची दिनदर्शिका ही बंद होण्याच्या वर्षाची सगळ्यात सोपी खूण आहे. पण एक सावधगिरी: काही मालक चित्र आवडले म्हणून देवाची दिनदर्शिका दहा-दहा वर्षे तशीच ठेवत. तारीखपत्राची पाने कुठवर फाडली आहेत ते पाहावे.

भिंतीवर सहसा मालकाच्या धर्माप्रमाणे देव्हारा किंवा क्रूस असतो, आणि दोन्ही एकाच भिंतीवर असलेली तावेर्नेही आहेत. शेजारी 'उधार बंद' अशा अर्थाची पाटी. ही पाटी जितकी मोठी, तितकी उधारी जास्त होती असे समजायला हरकत नाही.

मागच्या पडवीत गर्राफांव शोधावेत. गेल्या काही दशकांत प्लास्टिकचे कॅन आले आणि गर्राफांव अंगणात फुटले, विकले गेले किंवा पणजीच्या उपाहारगृहांत दिवे लावायला गेले. वेताची वीण शाबूत असलेला गर्राफांव आज जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगल्या किमतीला जातो. म्हणूनच बंद तावेर्नांची कुलुपे तुटतात. कांदोळीला २०२१ मध्ये उघडलेल्या मद्यसंग्रहालयात अशी भांडी व्यवस्थित मांडलेली आहेत. ती पाहून गेले की पडक्या पडवीत काय पाहतो आहोत ते कळते. मारियो मिरांडा यांनी रेखाटलेली गावठी तावेर्नाची चित्रेही आधी पाहून घ्यावीत. हसवण्यासाठी काढलेली असली तरी बाक, बाटल्या, कुत्रे आणि माणसे यांची मांडणी त्यांत अचूक आहे.

उधारीची वही

तावेर्नात मिळणारी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे उधारीची वही. हिंदू दुकानदारांच्या जुन्या वह्या मोडीत किंवा बाळबोधीत मराठीतून लिहिलेल्या असतात, आणि इथे या विषयाचा आपल्या भाषेशी सरळ संबंध येतो. दुकानात बोलणे कोकणी, सरकारी कागद पोर्तुगीज, हिशेब मराठी, अशी ती वाटणी होती.

वहीवर साल नसले तरी नाण्यांवरून काळ कळतो. १९५८ पर्यंत गोव्यात रुपिया चालत होता. एका रुपियाचे सोळा तांगा, म्हणजे ९६० रेइश. १९५९ पासून एश्कुद आणि सेंताव्ह आले. सहा एश्कुद म्हणजे एक रुपिया. हे चलन जेमतेम तीन वर्षे टिकले, कारण १९६२ मध्ये भारतीय रुपया लागू झाला. तेव्हा वहीत एश्कुद दिसले की काळ जवळजवळ नेमका मिळाला असे समजावे. 'नवे पैसे' दिसले तर साठीच्या दशकाची सुरुवात. रुपये-आणे दिसले तर मात्र घाई करू नये, कारण ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपयाही गोव्यात फिरत होता.

नोंदी लहान असतात. नाव, कोप किती, पैसे किती. कधी पैशांच्या जागी काजूच्या बियांचे माप, नारळांची संख्या किंवा मजुरीचे दिवस. हंगामाआधीच्या महिन्यांत आकडे वाढतात आणि काजू आल्यावर एकदम फिटतात. पिकाआधी पिऊन टाकलेले पीक हे असे कागदावर दिसते. मीठ, तेल, तांदूळ आणि फेणी एकाच पानावर असतील तर हिशेबात फेणीचा वाटा किती हे मोजता येते. ते मोजल्यावर तावेर्नाबद्दलचा हळवेपणा बराच कमी होतो. पिणाऱ्याच्या नावासमोर आकडा असतो. तो आकडा फेडायला दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेलेल्या बाईचे नाव कुठेही नसते.

बार्देशातल्या एका गावात अशी वही आम्हाला पाहायला मिळाली. घराची किल्ली मालकाच्या सुनेकडे होती. वय ऐंशीच्या पुढे. काकींनी स्वतः दार उघडले, दिवा आणला, काउंटरवरची धूळ पदराने पुसली आणि कपाटातली वही काढून दिली. आम्ही पाने उलटत होतो. एका नावापुढे तीन वर्षे रक्कम चढत गेली होती, मग पुढच्या पानावर एका शेताचे नाव आणि खाली आडवी रेघ. ते शेत आज कोणाचे, असे आमच्यातल्या एकाने सहज विचारले. काकी म्हणाल्या, "आमचे. आणि ते नाव ज्याचे, त्याचा नातू पलीकडे राहतो. चतुर्थीला माटोळीचे सामान तोच आणून देतो. त्याला हे ठाऊक नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सासऱ्यांनी फसवले नाही. पण त्याला प्यायला देत राहिले, हेही खरे. तुम्ही वाचा. फोटो काढू नका." आम्ही फोटो काढला नाही. नाणी, मापे आणि भाव तेवढे उतरवून घेतले. वही त्यांनी परत कपाटात ठेवली.

वहीबाबत नियम करायचा तर तो असाच करावा लागेल. मापे, भाव, चलन, मालाची नावे नोंदवावीत. माणसांची नावे घराबाहेर नेऊ नयेत. गाव लहान असते आणि वहीतले आजोबा कोणाचे तरी असतात.

तावेर्ने बंद का पडली

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. धक्क्यांवरची तावेर्ने पुलांनी बंद केली. झुआरीवरचा पूल १९८३ मध्ये सुरू झाला, शिवोली-चोपडे पूल झाल्यावर शापोरावरची तिथली फेरी थांबली. मांडवीवर उलटेही घडले. ५ जुलै १९८६ ला नेहरू पूल कोसळला आणि पणजी-बेतीची फेरी पुन्हा गर्दीने भरली. ज्या जागेला लोक थांबत होते तिथे थांबायचे कारण उरले नाही की दुकानही उरत नाही.

खाणपट्ट्यात कारण वेगळे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे काही काळ सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सांगे, सत्तरीच्या रस्त्यांवरचे ट्रक थांबले तसे त्या रस्त्यांवरचे गिऱ्हाईकही थांबले.

हमरस्त्यावरच्या दुकानांना १५ डिसेंबर २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, १ एप्रिल २०१७ पासून. ३१ मार्च २०१७ ला वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केले गेले, आणि नंतर आणखी सवलती आल्या. निकालामागचा हेतू अपघात कमी करण्याचा होता आणि त्याला विरोध करणे कठीण आहे. पण सवलत मिळेपर्यंत मोठा बार तग धरतो. म्हातारा तावेर्नकार परवाना परत करून मोकळा होतो.

याखेरीज गिऱ्हाईकच बदलले. तरुण मंडळी बिअर आणि व्हिस्कीकडे गेली. रेंदेराच्या मुलाला माडावर चढायचे नव्हते आणि त्याला कोणी दोष देऊ नये. किनाऱ्यावर तीच जुनी खोली पर्यटकांसाठी रंगवून तिला तावेर्नाचेच नाव देणे सुरू झाले. तिथे फेणी मिळते, पण सोप्यावर गावचा माणूस बसलेला दिसत नाही.

आणि बंद पडल्यावर ती जागा तशीच का राहते, विकली का जात नाही, याचे उत्तर वारसाहक्कात आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, मुलगे-मुली सारखे वारस, आणि मृत्युपत्राने अर्ध्याहून अधिक मालमत्ता वारसांना डावलून देता येत नाही. न्याय म्हणून ही पद्धत चांगलीच आहे. पण तीन पिढ्यांनी एका खोलीला वीस-पंचवीस वारस होतात. एक वास्कोला, दोघे मुंबईत, एक कुवेतमध्ये, एक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. इन्व्हेंटरी होऊन वाटणी ठरेपर्यंत कोणी कौल बदलत नाही, कारण खर्च एकाचा आणि घर सगळ्यांचे. गळतीने आधी वासे जातात, मग भिंतीचा चिरा भिजतो. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात छप्पर आत बसते.

जाण्यापूर्वी

वारस कितीही लांब असोत, जागा कोणाची तरी आहे. दार उघडे असले तरी परवानगीशिवाय आत जाणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावात पुन्हा कोणी दार उघडत नाही. किल्ली असलेल्या माणसाबरोबरच जावे.

पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच जाऊ नये. भिजलेला चिरा बाहेरून भक्कम दिसतो. वाळवीने पोखरलेल्या तुळया बोटाने दाबूनही कळतात. तुळईखाली उभे राहण्याआधी तेवढे करावे. बाटल्यांच्या ढिगात आणि मडक्यांच्या मागे हात घालू नये, नाग आणि घोणस यांना ती जागा आवडते. मागच्या अंगणात विहीर असू शकते आणि तिचा कठडा पडलेला असू शकतो. कोळमी गवताने झाकलेली असली तर पाय मुरगळतो. सापडलेल्या जुन्या बाटलीतला एक थेंबही चाखू नये, मग तिच्यावर कितीही जुनी चिठ्ठी असो.

मोजपट्टी, विजेरी, वही आणि पेन्सिल एवढे पुरते. खोलीची लांबी-रुंदी, दारांच्या जागा, काउंटरची उंची, कपाटाचे खण आणि भांड्यांची मापे कागदावर घ्यावीत. छायाचित्रांत माप कळावे म्हणून पट्टी ठेवावी. वस्तू जागची हलवू नये. आठवण म्हणून एक कोप खिशात टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

कागदपत्रांसाठी सुरुवात सर्व्हे क्रमांकापासून करावी. तो हाती असला की एक-चौदाचा उतारा मिळतो आणि त्यावर कब्जेदारांची नावे असतात. पोर्तुगीज काळातली जुनी कागदपत्रे पणजीच्या पुराभिलेख खात्यात पाहावीत. तिथे पोर्तुगीज वाचणाऱ्याची आणि मोडी वाचणाऱ्याची मदत लागेल. मोडी वाचणारी माणसे आपल्याच मंडळींत अजून आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांचे वय त्या तावेर्नांइतकेच झाले आहे. शक्य असेल तर त्यांना घेऊन जावे, सकाळच्या वेळी, दार उघडे ठेवून, सोप्यावर बसवून.